दर रविवारी नवे पाहुणे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहान असाल तर पुढे सरकून बसा, मोठे असाल तर भिंतीला टेका. मीही आज दमलोय, तेव्हा हळूहळू सांगतो.

त्या गावात एक चर्च होतं आणि चर्चमागच्या आळीत एक बाई राहायची. नवरा घर सोडून गेलेला, पदरात तीन पोरं. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायचं, घरी येऊन भाकऱ्या थापायच्या, वर पोरांची भांडणं सोडवायची. जीव अगदी मेटाकुटीला आला होता तिचा.

चर्चमधली माणसं चांगली होती हो, खोटं कशाला बोलू? त्यांनी ठरवलं, या घराला एकटं पडू द्यायचं नाही. दर रविवारी उपासना झाली की दोघांनी तिच्याकडे जायचं. एकावरच भार नको म्हणून पाळ्या लावल्या. पाळक म्हणाले, "सगळ्यांना सेवेची संधी मिळायला हवी." झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईला मात्र कुणी विचारलं नाही.

मग व्हायचं काय, की आठवड्यातल्या एकुलत्या एक मोकळ्या दुपारी बाई घर झाडायची, पोरांची तोंडं धुवायची, शेजारून गूळ मागून आणून चहा टाकायची. पाहुणे विचारायचे, "कसं हो झालं हे?" की तिने पहिल्यापासून सांगायचं, नवरा कधी गेला, काय बोलून गेला. पोरं कोपऱ्यात बसून ऐकायची. पाहुणे डोळे पुसायचे, चार गोष्टी समजावायचे, प्रार्थना करून निघायचे. पुढच्या रविवारी नवे पाहुणे आणि पुन्हा तेच. आता तुम्हीच सांगा, ही मदत की शिक्षा?

शेवटी बाई हरली. तिने लांबच्या गावी नणंदेला निरोप धाडला, 'धाकटीला घेऊन जा. तुमच्याकडेच वाढू दे.' पाहुण्यांपैकी कुणालाच ती हे बोलली नाही. दर वेळी नव्या माणसाला काय काय सांगणार?

अशात रिबकामावशीची पाळी आली. म्हातारी, गुडघे गेलेले, जोडीदारीण तापाने पडलेली. मावशी दारातूनच म्हणाली, "चहा टाकू नकोस गं. बोलायचंही त्राण नाही मला. जरा टेकू दे."

ती बसली. धाकटी येऊन तिच्या मांडीवर आडवी झाली आणि झोपली. ते बघून बाईनेही जमिनीवर अंग टाकलं. कितीतरी दिवसांनी ती दुपारची झोपली.

पुढच्या रविवारी मावशी परत निघाली. पाळकांनी हटकलं, "मावशी, तुमची पाळी झाली की!"

"असू द्या. पोर काय पाळी बघून मांडीवर येते?"

ती जात राहिली. एका रविवारी बाई आपणहून म्हणाली, "मावशी, उद्या नणंद येतेय. धाकटीला कायमची नेणार. मला नाही झेपत."

मावशीने उपदेश केला नाही. म्हणाली, "नाहीच झेपत, खरंय. धाकटीला सकाळी माझ्याकडे सोड, शेतावरून येताना घेऊन जा. मला पळता येत नाही, पण पोरीपाशी बसता येतं. चालेल?"

बाई ढसाढसा रडली. या वेळी तिला काहीच पहिल्यापासून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेची बैलगाडी आली तशी परत गेली. नणंद फणफणली. फणफणू दे.

बाईचे कष्ट सरले, असं काही नाही हं. मावशीचे गुडघेही सुधारले नाहीत. दोघी थकलेल्याच राहिल्या. पण तिन्ही पोरं एका छपराखाली वाढली, आणि पाळकांनी पाळ्या बंद करून गावातल्या अडचणीतल्या एकेका घराला एकेक माणूस जोडून दिलं.

तेव्हा पोरांनो आणि पोरांच्या आयांनो, एवढं ध्यानात ठेवा: थकलेल्याच्या दारी रोज नवं माणूस येऊन भागत नाही, काल आलेलंच आजही यावं लागतं.