वेशीवरची मैना आणि नावेचा दोर

फार मागची गोष्ट. तेव्हा गावांना वेशी होत्या, गादीवर राजे होते आणि पक्षी माणसांशी बोलत असत. माणसं मात्र तेव्हाही एकमेकांचं ऐकत नसत.

एका राज्यात नदीच्या काठी मोठा बाजार भरायचा. त्या बाजाराची एक जुनी रीत होती. धान्य मोजून देणारा एक मापारी असायचा, आणि पायली फक्त त्याच्या हातात. ज्या दिवशी एखाद्याला मापारी नेमत, त्या दिवशी तो भर बाजारात स्वतःच्या दुकानाची खुंटी उपटायचा आणि ती नदीत टाकायचा. मग पुन्हा त्याने दुकान मांडायचं नाही. असं का, हे कोणी विचारतही नसे. सगळ्यांचं धान्य जो मोजणार, त्याचंच धान्य विकायला असेल तर पायली कोणाच्या बाजूने भरेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

एवढं लक्षात ठेवा, मुलांनो. मोठ्यांनीही ठेवा. पुढे जे घडलं ते मोठेच विसरल्यामुळे घडलं.

बाजार वाढत गेला. इतका वाढला, की मीठ घ्यायला आलेला माणूस मिठापर्यंत पोचेतो दमून जायचा. तेव्हा एक माणूस डोंगराकडून आला आणि त्याने वेशीच्या कमानीला एक पिंजरा टांगला. पिंजऱ्यात मैना होती. तिला जे एकदा सांगावं ते ती विसरत नसे.

"दुकानदारांनो, आपापला माल माझ्या मैनेला सांगून ठेवा," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाने विचारलं की ती वाट सांगेल. मला कोणाकडून काही नको."

काही नको म्हणणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयाने बघतात, असा माझा समज होता. या लोकांनी तसं काही केलं नाही. त्यांनी रांग लावली.

त्या रांगेत सगुणा होती. बाजाराच्या पार टोकाला, वडाखाली, तिचं दोरांचं दुकान होतं. अंबाडी पाण्यात कुजवून ती वाख काढायची, आणि त्या वाखाला पीळ देऊन दोर वळायची. गुराच्या दाव्यापासून नावेच्या जाड दोरापर्यंत सगळं तिच्याकडे मिळायचं. तिला लपवाछपवी ठाऊक नव्हती. तिने मैनेला सगळंच सांगितलं. अंबाडी किती दिवस भिजवायची, चांगला दोर हाताला कसा लागतो, कोणतं गिऱ्हाईक कोणत्या हंगामात येतं, कशासाठी येतं.

मैनाही इमानाने सांगू लागली. "दोर? सरळ जा, वडाखाली. सगुणाबाई!"

सगुणाचा धंदा वाढला. सगळ्यांचाच वाढला. लोक मैनेचं कौतुक करताना थकेनात. पूर्वी बाजारात आलेला माणूस आधी एक फेरी मारायचा, चार ठिकाणी माल हाताळायचा, मग पिशवी उघडायचा. आता कोणी फेरी मारेना. सगुणा स्वतःसुद्धा मीठमिरची घ्यायला निघाली की आधी मैनेला विचारायची. पायपीट वाचते, दुसरं काय!

इकडे रोज बाजार उठला की मैना आपल्या मालकाला दिवसभराचं सगळं ऐकवायची. कोणी काय विचारलं, कोण कुठे गेला, कशाला मागणी आहे. मालक ऐकत बसायचा.

मग एके दिवशी त्याने वेशीच्या आत, अगदी तोंडाशी, एक खुंटी ठोकली. दोरांचं दुकान मांडलं.

अख्खा बाजार बघत होता. ज्या बाजारात मापाऱ्याला खुंटी उपटावी लागते, त्याच बाजारात वाट सांगणारा खुंटी ठोकत होता, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही! सगुणाही बघत होती. तिला वाटलं, एवढा मोठा बाजार, त्यात आणखी एक दोरवाला आला तर काय बिघडतंय.

त्या रात्रीपासून मालकाने मैनेला शिकवणी सुरू केली. "दोर कुठे?" तो विचारायचा. ती "वडाखाली" म्हणाली की तो गप्प बसायचा. ती "मालकाच्या दुकानी" म्हणाली की डाळिंबाचा एक दाणा द्यायचा. मैनेला बिचारीला दोरातलं काय कळतंय? तिला दाणा कळतो. थोड्याच दिवसांत वेशीवर वेगळाच सूर ऐकू येऊ लागला. "दोर? मालकाच्या दुकानी! मालकाच्या दुकानी!"

लोक वेशीतून आत आले की दोन पावलांवर दोर मिळायचा. वडापर्यंत कोण जाणार? पुढे मालकाने मिठाचं दुकान मांडलं, मग तेलाचं, मग मडक्यांचं. आणि मैना गात राहिली.

नावाड्याने यंदा नावेचा दोरही तिथूनच घेतला. त्या नदीवर पूल नव्हता. दोन्ही तीरांवरच्या झाडांना एक जाड दोर बांधलेला असायचा आणि त्याला धरून नाव या काठाहून त्या काठाला जायची. आजवर तो दोर सगुणाच वळत आली होती.

तिने नावाड्याला विचारलं, "दादा, माझ्या दोरात काही खोट निघाली का?"

"छे गं ताई. पण मैनेनं तिकडचं नाव सांगितलं, म्हटलं ती काय उगाच सांगंल?"

मग मात्र सगुणा उठली आणि थेट राजाच्या दरबारात गेली.

"महाराज, माझा दोर वाईट असंल तर माझ्या तोंडावर फेका," ती म्हणाली. "पण गिऱ्हाईक माझ्यापर्यंत येऊ तर द्या! मापाऱ्याला दुकान मांडू देत नाही ना आपण? मग ह्या मैनावाल्याला कसं काय देता?"

राजा मनाने चांगला होता. चांगल्या मनाचे राजे जे करतात तेच त्यानेही केलं. त्याने सभा नेमली. सभेत प्रधान होते, शास्त्रीबुवा होते आणि त्यांच्या बोलण्यावर मान डोलवायला आणखी काही मंडळी होती.

आता इथून पुढे गोष्ट सांगताना माझं डोकं दुखतं, पण सांगतो.

पहिली बैठक झाली. शास्त्रीबुवा म्हणाले, "मापाऱ्याच्या हातात पायली असते. मैनेच्या हातात काय असतं? मुळात तिला हातच नाहीत. तेव्हा मापाऱ्याचा नियम तिला लागू कसा करणार?" सगळ्यांनी माना डोलवल्या आणि जेवायला उठले.

दुसरी बैठक झाली. प्रधान म्हणाले, "ही अगदी नवी गोष्ट आहे. आपण घाईने बंधनं घातली, तर अशा हुशार मैना परराज्यात उडून जातील. मग आपल्या राज्याला मागासलेलं म्हणतील." पुन्हा माना डोलल्या.

अहो, मैना पिंजऱ्यात होती! ती कुठे उडून जाणार होती?

तिसऱ्या बैठकीला त्यांनी मैनेलाच बोलावलं. मालकाला नव्हे, मैनेला. शास्त्रीबुवांनी तिला दरडावून विचारलं, "तू पक्षपात करतेस का?" मैना म्हणाली, "मालकाच्या दुकानी!" लिहिणाऱ्याने ते लिहून घेतलं. मग शास्त्रीबुवांनी विचारलं, "या प्रश्नावर योग्य तोडगा कुठे मिळेल?" मैना म्हणाली, "मालकाच्या दुकानी!" तेव्हा एका सभासदाने गंभीर चेहरा करून सुचवलं की मालकाचंही मत घ्यायला हरकत नाही.

मालक हात जोडून आला. "सभा सांगेल ते शिरसावंद्य," तो म्हणाला. "वाटलं तर मैना प्रत्येक उत्तराआधी शपथ घेईल."

सभेला हे फारच आवडलं. हुकूम निघाला. मैनेने प्रत्येक उत्तराआधी 'माझं सांगणं निःपक्षपाती आहे' असं म्हणावं. मालकाने त्याच संध्याकाळी डाळिंब फोडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वेशीवर ऐकू येऊ लागलं, "माझं सांगणं निःपक्षपाती आहे! मालकाच्या दुकानी!"

लोक म्हणाले, "बघा, आता तर दरबाराची मोहोर आहे." उरलेसुरले चार जण वडाकडे जायचे, तेही जायचे थांबले.

सगुणा पुन्हा सभेपुढे उभी राहिली. आता तिच्या आवाजात विनवणी राहिली नव्हती. "मला दुसरं काही नको. एवढंच सांगा, वाट सांगणाऱ्यानं दुकान मांडावं का नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. आणि माझं राहू द्या बाजूला, निदान नावेचा तो दोर उकलून बघा. माझा धंदा बसल्यापासून तो माणूस दोरात काय घालतोय ते देवाला ठाऊक."

"बाई, आजचा विषय मैना हा आहे," प्रधान म्हणाले. "दोर हा आजचा विषय नाही."

सगुणा तडक घरी गेली. तिने वाखाचं गाठोडं बांधलं. वडाखालची खुंटी तिने स्वतःच्या हाताने उपटली. पायली हातात न घेता खुंटी उपटणारी त्या बाजारातली ती पहिलीच. मग ती नावेत बसून पलीकडच्या तीरावर, दुसऱ्या राज्यात निघून गेली.

सभेला याचा पत्ताही नव्हता. सभेने ठरवलं होतं, की इतर राज्यांत मैनांचं काय करतात हे जातीने पाहून यावं. भर पावसाळ्यात, शालजोड्या आणि फराळाच्या डब्यांसह सगळी मंडळी नावेत चढली. राजाही बरोबर निघाला. नदी दुथडी भरून वाहत होती.

नाव मधोमध आली आणि दोर तुटला.

नाव भोवऱ्यात गरगरली आणि एका खडकाला अडकून तिरकी झाली. तुटलेलं टोक राजाच्या पुढ्यात येऊन पडलं. वरवर वाखाचा पातळ पदर होता. आत सगळं कुजकं गवत.

अलीकडच्या काठावर एकच आरडाओरडा झाला. चार गडी दोर आणायला वेशीकडे धावले. "मजबूत दोर कुठे मिळेल?" त्यांनी धापा टाकत विचारलं. आता तरी स्वतःच्या डोक्याने चालतील, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही दरवेळी वाटतं.

"माझं सांगणं निःपक्षपाती आहे!" मैना म्हणाली. "मालकाच्या दुकानी!"

त्यांनी तिथूनच दोर आणला आणि फेकला. प्रधानांनी तो घट्ट पकडला. गड्यांनी जोर लावला, आणि दोर मधोमध तुटला. गवत पाण्यावर पसरलं. प्रधान पाण्यात पडता पडता शास्त्रीबुवांच्या उपरण्याला धरून वाचले.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारली. झाडाच्या बुंध्याला दोर बांधून, दुसरं टोक हातात घेऊन, कमरेएवढ्या पाण्यात सगुणा उभी होती. तिने दोर फेकला. तो नावाड्याच्या हातात पडला. नाव हेलकावे खात, कुरकुरत, हळूहळू काठाला लागली. दोराचा एक धागाही सुटला नाही.

राजा ओल्या कपड्यांनी तिच्यापुढे उभा राहिला. मग त्याने तिथेच, चिखलात उभं राहून हुकूम सांगितला. जो गिऱ्हाइकाला वाट सांगेल, त्याने आपल्या दुकानाची खुंटी उपटून नदीत टाकावी. त्याला वाक्य एकच लागलं, आणि ते सांगायला एका श्वासाइतका वेळ पुरला.

"आता परत चल, सगुणाबाई," तो म्हणाला. "वडाखालची जागा तुझीच आहे."

सगुणाने दोराची गुंडाळी करत मान हलवली. "महाराज, मी पहिल्यांदा दरबारात आले तेव्हा हे एवढंच मागत होते. तेव्हा माझं दुकान उभं होतं. आता माझी खुंटी इथल्या जमिनीत रुतली. दोर लागंल तेव्हा या. मिळंल."

मालकाला खुंटी उपटावी लागली. पण तोवर बाजारातले तेली, कुंभार आणि मीठवाले आपापल्या वाटांनी निघून गेले होते. मैना मात्र सवयीप्रमाणे कित्येक वर्षं "मालकाच्या दुकानी" म्हणत राहिली, आणि वाटसरू तिथे जाऊन रिकामी जागा बघून परत येत. त्या राज्यातली माणसं आजही गुराच्या साध्या दाव्यासाठी नदी ओलांडून परमुलखात जातात. नावेत बसल्या बसल्या एकमेकांना विचारतात, की तेव्हा आपण एवढी चर्चा नेमकी कशाची करत होतो.

तात्पर्य: वाट सांगणाऱ्याने त्या वाटेवर दुकान मांडू नये, आणि हा नियम त्याने पहिली खुंटी ठोकली त्याच दिवशी करावा.