खिंडीतला भाऱ्याचा कट्टा

पाव्हणं, त्या कट्ट्यावर बसू नका. गार लागतो खरा, पण तो बूड टेकायला नाही, भारा टेकायला बांधलाय. ऐका, मग सांगतो.

इंग्रजांच्या काळात सरकारनं हा डोंगर बंद केला. गवताला हात लावला की दंड, गुरं शिरली की कोंडवाडा. गावच्या बाप्यांनी कायदा मोडून गवत कापलं आणि झाडून सगळे तुरुंगात गेले. मागं राहिल्या बायका आणि उपाशी गुरं. ठकूबाईची कपिली गाय नुकतीच व्यालेली. कास आटलेली, वासरू कोरड्या आचळांना ढुशा देतंय. ते बघून ठकूबाईला घास गिळवेना. ती डोंगराई देवीपुढं नवस बोलून बसली म्हणे, की ज्यांनी डोंगर बंद केला त्यांच्याच हातानं भारा माझ्या डोक्यावर चढू दे, दरसाल पहिला भारा गुरांना घालीन. सरकार काय तुझा दीर लागतो का, म्हणून बायका हसल्या. पण सकाळी विळे घेऊन सगळ्या तिच्या मागं निघाल्या.

दिवसाढवळ्या गवत कापून या खिंडीत आल्या, तर समोर फौजदार आणि पोलीस. भारे टाका, म्हणाला. ओल्या गवताचा भारा एकटीला उतरतो होय? ठकूबाई पोलिसांना एवढंच म्हणाली, "दादा, जरा हात लावा." ती इकडचीच पोरं. वाटेत बाईमाणसानं असं म्हटलं की हात आपसूक पुढं होतो. भराभर भारे उतरले.

फौजदारानं सगळ्यांना धरलं. गवत म्हणजे मुद्देमाल, तो कचेरीत न्यायला हवा. खिंडीत गाडी येईना, आणि पोलिसांच्या डोक्यावर गवत देणं त्याला बरं दिसेना. तुमचं तुम्हीच न्या, म्हणाला.

"नेऊ की," ठकूबाई म्हणाली. "पण चढवून द्या."

आणि डोक्यावरची चुंबळ सारखी करून त्याच्याच पुढं उभी राहिली. उशीर होत होता. शेवटी त्यानंच हात लावला.

कचेरीची वाट गावातून जाते. गुरांची दावी कोणी सोडली ते विचारू नका, घरी नुसत्या म्हाताऱ्या होत्या. हिरव्या वासानं सगळी गुरं धावली. कपिली तर ठकूबाईच्याच भाऱ्याला भिडली, तशी ठकूबाई भाऱ्यासकट वाटेतच खाली बसली. फौजदार ओरडत राहिला आणि मुद्देमाल गुरांच्या पोटात गेला. दोन दिवस बायांना कचेरीत बसवलं, पण दाखवायला गवताची काडी नाही, सोडून दिलं. ठकूबाई घरी आली तेव्हा वासराच्या तोंडाला दुधाचा फेस होता. कचेरीत न रडलेली बाई तिथं रडली, असं सांगतात.

सुटून आलेल्या बाप्यांनी मग हा कट्टा बांधला. हात लावायला कोणी नसेल तेव्हा बाईला एकटीनं भारा टेकता यावा म्हणून.

आजही पहिल्या कापणीला वनखात्याचा माणूस टोपी काढून इथं येतो आणि पहिला भारा बाईच्या डोक्यावर चढवतो. नवा असला की जरा लाजतो. बाई तो भारा थेट गावात नेऊन गुरांपुढं सोडते. आणि त्या दिवशी गावात कोणी धार काढत नाही. सगळं दूध वासरांचं.