‘येते’ म्हणून गेलेली

वारुळाच्या राज्यात पांढरी बुरशी शिरली होती आणि एक सोडून सगळी दारं लिंपून बंद झाली होती. हुकूम सर्वांत खोल दालनातून सुटला होता. बुरशी तिथे सर्वांत उशिरा पोचणार होती.

शेवटचं उरलेलं दार म्हणजे गोदीचं डोकं. द्वारपाल मुंग्यांची डोकी रुंद, चपटी असत. भोकात डोकं बसवलं की दार लागलं. रीत एकच होती. बाहेर निघालेली ‘येते’ म्हणे, गोदी ‘ये’ म्हणे, आणि ती परतेपर्यंत दार लिंपायचं नसे. ‘जाते’ असं कुणीच म्हणत नसे. ‘ये’ म्हणायचा मान फक्त द्वारपालाचा.

एका सकाळी तुळी आली. मेलेल्यांना वाहून नेणं हे तिचं काम. तिच्या मागच्या पायावर पांढरी लव उगवली होती.

“गोदाक्का, डोकं सरकव जरा. आणि लांब राहा.”

“बंद आहे गं. बाहेर कोण वाट बघतंय तुझी?”

“कुणी नाही, म्हणून तर! इथे मेले तर मला उचलणारीही मरेल.”

गोदी सरकली. ‘जाते’ म्हणायचं, असं तुळीने वाटभर घोकलं होतं. म्हणजे तिच्यासाठी दार अडून राहणार नव्हतं. पण उंबऱ्यावर जीभ सवयीने वळली.

“येते हं.”

“ये,” गोदीच्याही तोंडून निघून गेलं.

तुळी दिसेनाशी होते तोच ओल्या मातीचे गोळे घेऊन कारभारणी आल्या.

“सर बाजूला. लिंपायचंय.”

“एक बाहेर आहे. ‘येते’ म्हणालीय.”

“बुरशी लागलेली ना? तिच्यापायी सगळ्यांना मारशील?”

त्यांचं खोटं नव्हतं. पण बाहेर ऊन होतं, आणि तुळी एकटी होती.

“लिंपा,” ती म्हणाली. “भिंत तुम्ही राखा. मी ‘ये’ म्हटलंय, ते मी राखते.” आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

वाळक्या पानाखालून तुळी ओरडली, “वेडी का काय! फीर मागे!”

“कुठे फिरू? लिंपलं की.”

गोदीने जन्मात दाणा शोधला नव्हता. जड डोक्याने ती दोन पावलांवर अडखळे. दोन दिवस दोघी उपाशी राहिल्या.

तिसऱ्या दिवशी लिंपलेल्या भिंतीत आतून खरखर झाली. मुंगी मावणार नाही एवढं बारीक भोक पडलं आणि त्यातून राळ्याचा एक दाणा बाहेर घरंगळला.

“कोण गं?” गोदीने विचारलं. शेजारी दुसरं भोक पडलं.

गोदीने दाणे लांब काडीने तुळीकडे ढकलले. कारभारणींनी दोन भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी सहा झाली. मग बुजवणंच थांबलं. एकदा तर टपोरा, चकचकीत दाणा आला. तसे दाणे फक्त सर्वांत खोल दालनात असत. गोदी त्याच्याकडे बघतच राहिली.

तुळीचा तो पाय गळून पडला. लव पुन्हा उगवली नाही. तरीही दोघींनी काडीभर अंतर ठेवून आणखी पंधरा दिवस काढले.

मग एका सकाळी तुळी पाच पायांवर लंगडत भिंतीसमोर आली आणि जागीच थबकली. भिंतीची चाळण झाली होती. भोकाभोकातून ऊन आत उतरत होतं, आणि प्रत्येक भोकामागे दोन मिशा हलत होत्या.

“आले,” ती कसंबसं म्हणाली.

गोदीने तोंड उघडलं. पण त्याआधीच अख्खी भिंत बोलली,

“ये.”