शहाबादी फरशीवरची चित्रं

"…म्हणजे फोटोच मोठे छापून भिंतीवर लावायचे. यात चूक काय आहे, सर?"

मुल्लाणी सरांनी पुढची शेंग उचलली. मिरजेतल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात ते बाजेवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते.

पद्मजा मगदूम सांगलीहून आली होती ती सल्ला मागायला नव्हे, होकार घ्यायला. पंचेचाळिशीची, नाव झालेली चित्रकार. पार दिल्लीपर्यंत तिची प्रदर्शनं झाली होती. शाळेत असताना तिच्या हातात पहिला ब्रश दिला तो सरांनी. आता सर ऐंशीला टेकले होते, तरी काही नवं करायचं तर त्यांच्या कानावर घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

मागच्या महिन्यात कृष्णेचं पाणी तिच्या स्टुडिओत शिरलं आणि तीन दिवस राहिलं. ओसरल्यावर दार उघडलं, तर बावीस कॅनव्हास चिखलात पालथे पडलेले. तीन वर्षांचं काम. आणि आता पुण्यातलं प्रदर्शन सव्वा महिन्यावर आलेलं.

ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तारीख हलवायची नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं. मग पुण्याच्या संयोजकानं तोड काढली. चित्रांचे फोटो होते. ते मूळ आकारात छापायचे आणि शेजारी पुराची हकिगत लिहायची.

ती हकिगत एव्हाना दोन-तीन वर्तमानपत्रांत येऊन गेली होती. सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे आपोआप ठरून गेलं होतं.

सरांनाही तिनं ती तशीच सांगितली. थांबायच्या जागी थांबली.

सरांची शेंग कट्कन मोडली.

"गेलं काय?"

"बावीस चित्रं, सर."

"ते ऐकलं. काय गेलं ते दाखव की."

तिनं मोबाइल काढला. सर नकारार्थी मान हलवत आत गेले आणि खडूची पेटी घेऊन आले. ती तिच्यापुढे ठेवून त्यांनी अंगणातल्या शहाबादी फरशीकडे बोट केलं.

पद्मजाला हसू आलं आणि त्यामागोमाग रागही. ती सांगू लागली की या चित्रांत रंगाचे थरावर थर होते, एकेकाला दोन-दोन महिने लागले होते, ते काय खडूनं दाखवायचं? सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून कुंड्या एकेक करून भिंतीकडे सरकवल्या. जागा केली.

ती खाली बसली.

पहिलं आलं ते हळदीच्या पोत्यांवर झोपलेल्या हमालाचं. दुसरं नावेतल्या म्हशीचं. मग वेणी घालणाऱ्या आईची पाठ. खडू झिजत होता, गुडघे भरून आले होते, पण चित्रं येत होती. कॅनव्हासवर हमालाचा पाय काही केल्या जमला नव्हता, तेव्हा तिनं तो पोत्याआड लपवला होता. आज तो लपवायचं सुचलंच नाही. तीनदा पुसून चौथ्यांदा तो नीट वळला.

नऊ झाली.

दहाव्याला हात थांबला.

ते मोठं लाल चित्र… ते कुठल्या भिंतीला टेकवलं होतं हे तिला आठवत होतं. केवढं होतं, कोण ते पाहून काय म्हणालं, तेही आठवत होतं. चित्रात काय होतं ते मात्र आठवेना.

अकरावं. बारावं…

हात पिशवीतल्या मोबाइलकडे गेला. तिचा तिनंच मागे घेतला.

"नऊच, सर," ती म्हणाली. "तेरा येत नाहीत. ती बहुधा हातात कधी उतरलीच नव्हती."

"हं."

ऊन भिंतीवर चढलं होतं. ती गुडघे झटकत उठली. मग खडूच्याच हातानं तिनं मोबाइल काढला आणि पुण्याला फोन लावला. फोटो छापायचे नाहीत, म्हणाली. हकिगतही लिहायची नाही. नवी चित्रं करते आहे.

संयोजकानं तिला परोपरीनं समजावलं. लोक आता पुराच्या हकिगतीसाठीच येणार आहेत, सव्वा महिन्यात होणार तरी काय, एवढ्या भिंती मोकळ्या ठेवायच्या का? तिनं त्याला मध्ये तोडलं नाही. त्याचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली,

"नऊ झाली तर नऊ लावू. चार झाली तर चार. तारीख तीच."

फोन ठेवून ती वळली. सर नळाखाली बादली भरत होते.

झाडांना पाणी घालत असतील, असं तिला वाटलं. सरांनी दोन्ही हातांनी बादली उचलली, ऐंशीच्या कमरेला जमेल तेवढी, आणि सगळी फरशीवर ओतली.

हमाल, म्हैस, आईची पाठ… पांढरे ओघळ मोरीकडे धावले. सकाळपासूनचं काम दोन पळांत वाहून गेलं.

पद्मजा एक पाऊल पुढे झाली आणि थांबली. स्टुडिओचं दार उघडताना वाटलं होतं तसं, सगळं गेलं असं, आता पुन्हा वाटेल म्हणून तिनं वाट पाहिली. पण तसं वाटलं नाही.

सरांनी रिकामी बादली पालथी घातली. धाप लागली होती त्यांना.

"किती गेली?"

तिनं ओल्या फरशीवर बोट टेकवलं. तो पाय कुठे वळला होता, ते बोटांना अजून कळत होतं…

"एकही नाही."

"मग पुरात किती गेली होती?"