मोझेलकाठची भिंत

“भिंतीला वाट ठेवायची असेल, तर मग भिंत बांधायचीच कशाला?”

गास्पारनं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात दगड होता आणि आवाजात धार होती. समोर फादर वेंडेलिन उभे होते. मठाचा द्राक्षमळा सांभाळता सांभाळता त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि गास्पार त्यांच्या हाताखाली शिकत होता.

“बैलगाडी जाईल एवढी वाट,” फादर पुन्हा म्हणाले. “तळाशी, मधोमध. नदीच्या अंगाला.”

“आणि त्या वाटेनं वारा आत आला तर?”

“येऊ दे.”

“फादर, मी वाऱ्याच्या मुलखातला आहे. वारा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.”

फादरनी मान डोलावली... आणि ते काठी टेकत वर निघून गेले.

आता हा मठ कुठला, ते आधी सांगायला हवं. जर्मनीत मोझेल नावाची नदी आहे. डोंगरांमधून अशी वळणं घेत जाते की सकाळी डाव्या हाताला पाहिलेलं गाव दुपारी उजव्या हाताला दिसावं. त्या नदीच्या एका वळणावर हा मठ. मठामागे डोंगराचा उतार, आणि उतारावर द्राक्षवेली. उतार इतका उभा की काम करताना एका हातानं वेलीचा खांब धरून ठेवावा लागतो.

खरं तर इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकू नयेत. ऊन कोवळं, उन्हाळा आखूड. पण या उताराचं तोंड दक्षिणेला. जमिनीत काळा पाटीचा दगड, आपण शाळेत ज्यावर अक्षरं गिरवली तोच. दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडला की हळूहळू परत देतो. खालून नदीचं पाणी वर उजेड फेकतं. एवढं सगळं जमून येतं तेव्हा कुठे इथे द्राक्ष पिकतं. पलीकडच्या काठावर तोच दगड, तेच पाणी, पण तोंड उत्तरेला. तिथे नुसतं गवत आणि चार सफरचंदाची झाडं.

गास्पारला या सगळ्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. तो फ्रान्सच्या दक्षिणेकडचा, ऱ्होन नदीकाठचा. तिथे ऊन असं की दगडाला हात लावला तर भाजावा. द्राक्षं काळी, वाइन दाट आणि कडक. आणि वारा! आठवडा आठवडा थांबायचं नाव नाही. वेली मुळासकट उपटतो, माणसांची डोकी फिरवतो. म्हणून तिथले लोक मळ्याभोवती भिंती घालतात, सुरूच्या झाडांच्या रांगा लावतात. गास्पारच्या हातच्या भिंती त्या भागात नावाजलेल्या होत्या.

जिभेवर मात्र त्याचा ताबा नव्हता. भांडणाभांडणात तिकडच्या मठानं त्याला वाट दाखवली. दुसऱ्या मठानं उभंही केलं नाही. इथे फादर वेंडेलिननी शब्द टाकला म्हणून मठाधिपतींनी त्याला ठेवून घेतलं. याच्यापुढे त्याला कुठला मठ मिळणार नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तरी तोरा कमी नाही. पहिल्याच जेवणात इथल्या वाइनचा घोट घेऊन म्हणाला, “हे लिंबाचं सरबत आहे का?”

फादर हसले होते.

मळ्याची तळातली पट्टी मोठी दुबळी. वसंतात वेलींचे डोळे फुटायचे, कोवळी पोपटी पानं बाहेर यायची, आणि एखाद्या रात्री थंडी येऊन सगळं करपवून जायची. दर वर्षी नाही, पण अधूनमधून ठरलेलं. गास्पारनं पाहिलं, नदीवरून गार वारा येतो. झालं. रोग सापडला, औषध तर त्याच्या हातातच होतं.

मठाधिपतींनी ती पट्टी त्याच्या हवाली केली. हिवाळाभर त्यानं दगड फोडले, बसवले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. भिंत पुरी झाली तेव्हा तिच्यात सुरीचं पातं शिरत नव्हतं. अख्खा मठ बघायला गेला. भिंत होतीच तशी देखणी.

त्या दिवशी सगळ्यांच्या देखत गास्पार बोलून बसला, “या वसंतात माझ्या पट्टीतला एक जरी डोळा करपला, तर मी गाशा गुंडाळून या मठातून निघून जाईन.”

फादर वेंडेलिन भिंतीवरून हात फिरवत होते.

“सुरेख आहे,” ते म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले.

त्याच हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी गास्पार चुलीपाशी बसून आपण पाहिलेले मुलूख सांगत होता. बोलायला लागला की तो ऐकत राहावा असा होता, हे कबूल करायला हवं. पोर्तुगालात डोंगराला पायऱ्या कोरून वेली लावतात, त्या पायऱ्यांवर दुपारी उभं राहवत नाही. ग्रीसच्या एका बेटावर तर वेल उभीच करत नाहीत. जमिनीवर तिची टोपलीसारखी गुंडाळी करतात आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत पिकतात. वरून वारा घोंघावत निघून जातो.

“म्हणजे त्यांनी वाऱ्याला अडवलं नाही?” फादरनी विचारलं.

“नाही. वेलीलाच खाली बसवलं.”

“हं...”

“पाऊस नाही तिथे. समुद्रावरून जे धुकं येतं, तेवढंच तिला पाणी.”

“आणि वाइन?”

“खारट झाक असते जराशी,” गास्पार म्हणाला. “समुद्र प्यायल्यासारखं वाटतं.”

फादरनी विस्तवात एक लाकूड सारलं. “कधी मिळाली तर घोटभर चाखायला हवी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखी हाव दिसली.

वसंत आला. डोळे फुटले. तळातल्या पट्टीत अशी पालवी आली की बघत राहावं. एप्रिलच्या अखेरीस एकदा दिवसभर नदीवरून बोचरा वारा सुटला आणि गास्पार भिंतीआड उभा राहून खूश होत राहिला. आत झुळूकही नव्हती.

सूर्य डोंगराआड जायला आणि वारा पडायला एकच गाठ पडली. आभाळ निरभ्र. पान हलेना.

“वारा पडला, फादर,” गास्पार म्हणाला. “आज भिंतीला सुट्टी.”

फादरचा चेहरा उतरला.

“पडला...” ते पुटपुटले. मग म्हणाले, “स्वयंपाकघरातून निखारे आण. आणि ओलं गवत.”

गास्पारला काही कळेना, पण त्यानं लोखंडी घमेल्यात निखारे आणले. दोघं उताराच्या मध्यापर्यंत चढले. फादरनी घमेलं खाली ठेवलं, त्यावर ओलं गवत टाकलं आणि ते बाजूला झाले.

“बघ.”

दाट पांढरा धूर निघाला. माणसाच्या कमरेइतका वर आला... आणि तिथेच अडखळला. मग वाकला, आणि वेलींच्या रांगांमधून खाली उतरायला लागला.

गास्पार त्याच्यामागून चालत गेला. धूर कुठे घाई करत नव्हता. ओघळाचं पाणी जसं सखल जागा शोधत जातं, तसा जात होता. उतार संपला, तळातली पट्टी आली, भिंत आली. धूर भिंतीला लागला आणि थांबला.

मागून आणखी येत होता. तोही थांबला. भिंतीशी धुराचं तळं साचायला लागलं, आणि खालच्या रांगांची पोपटी पालवी त्यात बुडाली.

गास्पारनं वाकून त्यात हात घातला. हात बधिर झाला.

“धूर खाली का येतो?” त्यानं विचारलं. आवाजातली धार गेली होती.

“धूर येत नाही. थंडी येते. धूर तिच्या पाठीवर बसलाय.”

“रोज येते?”

“वारा नसला की येते. माथ्यावरून निघते, वेलींमधून उतरते, नदीवर जाते. नदी तिला सांभाळून घेते.”

“मी तर नदीवरून येणारी थंडी अडवायला...”

तो फादरकडे वळला आणि म्हणाला, “तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?”

“सांगितलं होतं की. बैलगाडी जाईल एवढी.”

गास्पार भिंतीकडे बघत राहिला. आयुष्यात याहून चांगली भिंत त्याच्या हातून झाली नव्हती. एकेक दगड त्याला ओळखीचा होता. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही. मग तो अवजारांच्या खोपटाकडे धावला आणि पहार घेऊन आला.

आता गंमत अशी की भिंत निघेना. जिच्यात सुरी शिरत नाही, तिच्यात पहार कशी शिरणार? गास्पार घामाघूम झाला. फादरनी काठी टाकली आणि हातांनी दगड ओढायला सुरुवात केली.

“इतकी चांगली कशाला बांधलीस रे?” ते धापा टाकत म्हणाले.

गास्पार रडता रडता हसला. एक दगड निघाला. मग दुसरा. मग वरची सगळी रांग गडगडत खाली आली.

बैलगाडी जाईल एवढी वाट झाली, तेव्हा आभाळात पहिली चांदणी दिसत होती. साचलेला धूर क्षणभर जागचा हलला नाही. मग एका कडेनं सरकला, वाटेतून बाहेर पडला आणि सावकाश नदीवर पसरत गेला. तळाच्या रांगा पुन्हा दिसायला लागल्या.

गास्पार पहारीला टेकून बघत राहिला. वर माथा, मध्ये उतार, खाली पाणी. हे सगळं कुणी आखून दिल्यासारखं एकमेकांच्या उपयोगी पडत होतं, आणि आपण याला लिंबाचं सरबत म्हणालो. या मुलखावर त्याचा जीव जडला तो त्या घडीला. त्याआधी तो इथे नुसता राहत होता.

“म्हणूनच इथली वाइन अशी लागते,” फादर म्हणाले. “दिवसा दगड तिला ऊन पाजतो. संध्याकाळी थंडी तिला स्पर्श करून जाते. म्हणून गोडीलाही धार असते.”

“आणि थंडी राहिली तर?”

“मारते.”

“आलीच नाही तर?”

“तर तुझ्या गावच्यासारखी होते,” फादर म्हणाले आणि खुदकन हसले.

पहाटे कडाक्याची थंडी पडली. सूर्य वर आल्यावर गास्पार तळातल्या पट्टीत गेला. पट्टी जवळजवळ सगळी वाचली होती. मात्र पूर्वेच्या कोपऱ्यात, वाटेपासून लांब, भिंत अजून उभी होती. तिथे गवतावर गोठलेल्या दवाची साय होती. तिथल्या काही वेलींची पालवी उकडलेल्या भाजीसारखी काळपट लोंबत होती.

तो त्या कोपऱ्यात बराच वेळ बसला. मग खोलीत गेला आणि त्यानं बोचकं बांधलं.

फादर वेंडेलिन मठाच्या दाराशी ऊन खात बसले होते. बोटांना पट्ट्या बांधलेल्या.

“निघालो, फादर.”

“हं.”

“एक जरी डोळा करपला तर, असं म्हणालो होतो.”

“सगळ्यांनी ऐकलंय.”

“कोपऱ्यातल्या वेली गेल्या.”

“पाहिल्या मी.”

गास्पार उभा राहिला. जायची त्याला तिळमात्र इच्छा नव्हती. अख्ख्या जगात त्याला दुसरं कुठे जायचंच नव्हतं. फादर एकदा राहा म्हणाले असते तर त्यानं बोचकं तिथेच टाकलं असतं, शब्द गेला खड्ड्यात. पण स्वतःहून कसं म्हणायचं?

फादर उठले. दुखऱ्या हातांनी त्यांनी अडसर काढला, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, आणि परत आपल्या जागी येऊन बसले.

बाहेर रस्ता होता. नदीच्या कडेकडेनं जाणारा, कोवळ्या उन्हात चमकणारा.

गास्पार उंबऱ्यापर्यंत गेला. तिथे थांबला...

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मग वर, उताराकडे पाहिलं. करपलेल्या वेली छाटायला हव्या होत्या. त्यांच्या बुंध्याशी दुसरे डोळे दबून असतात, वेळेवर छाटलं तर तेही फुटतात. पूर्वेच्या कोपऱ्यातही भिंत उघडायला हवी होती. आणि हे काम आजच व्हायला हवं होतं.

कितीतरी वेळ तो तसाच उभा होता. मग मागे वळला, फादरच्या शेजारी पायरीवर बसला आणि त्यानं बोचकं मांडीवर घेतलं.

“तुम्ही मला अडवलं नाहीत,” तो म्हणाला.

“नाही.”

“वर दार उघडून दिलंत. मी गेलो असतो तर?”

फादर ऊन खात डोळे मिटून बसले होते. ते तसेच म्हणाले,

“मोकळ्या वाटेनं थंडी जाते, गास्पार... माणूस राहतो.”