गर राजाला, साल घोडीला

पूर्वी गांधार देशातल्या एका डोंगरी नगरात सुकर्ण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व फळांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला होता. त्याचं नाव धनमित्र. उत्तरेकडच्या थंड दऱ्यांतून तो बैलांच्या पाठीवर सफरचंदं लादून आणी आणि नगरात विकी.

संकट मात्र आलं ते राजाच्या आचाऱ्यावर, कंडुकावर. कंडुक सरळ माणूस, हाताला चव होती. पण विचार करायची वेळ आली की बिचारा हमखास बुचकळ्यात पडे.

राजाला जडपणाचा विकार होता. पोट साफ होत नव्हतं, भूक लागत नव्हती, आणि तरी राजाचं जेवण काही कमी होत नव्हतं. राजवैद्य म्हणाला, महाराजांनी रोज सफरचंद खावं. पोट हलकं राहतं, भूक ताळ्यावर येते, दातही स्वच्छ राहतात. एवढं सांगून वैद्यबुवा तीर्थयात्रेला निघून गेले.

आता त्या राजवाड्याचा एक रिवाज होता. राजाने कधी काही चावायचं नाही. चावणं हे सैनिकांचं आणि जनावरांचं काम, राजाचं अन्न मऊच हवं. कंडुकाने रिवाजाप्रमाणे फळाची साल काढली, गर तुपात परतला, भरपूर मध घालून आटवला आणि पंचपक्वान्नांच्या शेवटी वाटीभर वाढला. साली आणि उरलेल्या फोडी वाया जाऊ नयेत म्हणून तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोडीपुढे टाकल्या.

थोड्याच दिवसांत राजा आणखी जड झाला आणि घोडी तुकतुकीत दिसू लागली. कंडुकाचं डोकं चक्रावलं. फळ तेच, हात तोच. मग गुण गेला कुठे? तूप कमी पडत असेल असं वाटून त्याने तूप वाढवलं. राजाचं पोट आणखीच फुगलं. मग त्याने मध वाढवला, आणि राजाने अंथरूण धरलं. घोडी मात्र आता कुंपणावरून उड्या मारत होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी ही गत. पण आंधळा आपण आहोत हे कंडुकाला कुठे ठाऊक होतं?

राजाला संशय आला की आचारी अन्नात काही कालवतो. त्याने फर्मावलं, उद्या दरबारात उलगडा कर, नाहीतर विषप्रयोगाबद्दल देहान्त. कंडुक ज्याच्याकडून सफरचंदं घेई त्या धनमित्राकडे धावत गेला आणि त्याने घडलेलं सगळं उलटसुलट सांगितलं. सालीचं आधी, राजाचं नंतर, मध्येच घोडी. धनमित्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"कंडुका, तू हे फळ कधी खाल्लं आहेस?"

"शेठजी, राजाच्या मुदपाकखान्यातलं मी कसं खाऊ? पाप लागेल."

धनमित्र एवढंच म्हणाला की उद्या मी येतो. कंडुक घरी परतला तो आला होता त्याहून जास्त गोंधळलेला.

दुसऱ्या दिवशी राजाला पालखीतून दरबारात आणलं. धनमित्राला पाहून तो म्हणाला, "व्यापाऱ्या, तुझं फळ अमृतासारखं आहे म्हणतात. मग दोष आचाऱ्याचाच ना? तसं सांग. यापुढे राजवाडा तुझीच फळं घेईल, मागशील त्या भावाने."

एका शब्दावर व्यापाऱ्याचं घर भरणार होतं आणि त्याच शब्दावर कंडुकाचं मरण ठरणार होतं.

धनमित्र म्हणाला, "महाराज, ते अमृत नाही, साधं फळ आहे. सालीसकट चावून, जेवण बेताचं ठेवून खाल्लं तर पोटाला बरं. तुपामधात बुडवून भरल्या पोटावर खाल्लं तर त्याचं पक्वान्नच होतं. घोडीने ते फळ म्हणून खाल्लं. आचाऱ्याचा हात स्वच्छ आहे, त्याने तुमचा रिवाज शिजवला. आणि माझीच फळं हवीत असंही नाही. तुमच्या बागेतली बोरं, जांभळंसुद्धा चावून खाल्लीत तर पोटाला चांगलीच आहेत."

राजाने एक सफरचंद मागवलं, दोन्ही हातांत धरलं आणि भर दरबारात कचकन चावलं. रस दाढीवरून ओघळला. कुठे पाहावं हे मानकऱ्यांना कळेना. राजाने सावकाश घास संपवला आणि उरलेलं फळ कंडुकापुढे धरलं.

कंडुकाने एक घास घेतला आणि तो तसाच थांबला. इतके दिवस जे तो चिरत आला, परतत आला, ते आंबटगोड होतं, थंड होतं, आणि त्याला तूप नको होतं की मध. तो तिथेच रडायला लागला.

पुढे राजाचं जेवण कमी झालं, चालणं वाढलं, आणि हळूहळू तो बरा झाला. धनमित्राचा धंदा मात्र पूर्वीएवढाच राहिला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आज पथ्य न पाळता औषध बदलत राहणारा हा आजारी उपासक. घोडी म्हणजे त्याची ती हसतमुख म्हातारी दासी. कंडुक म्हणजे विहारात पेज रांधणारा आणि आत्ता डोळे पुसणारा हा भिक्षू. आणि धनमित्र तो मीच." ज्या सत्याने विकणाऱ्याचा नफा बुडतो आणि दुसऱ्याचा जीव वाचतो, ती सत्य पारमिता, सत्याची परिपूर्णता.