न पाहता काढलेला बॅरन

फिनलंडच्या किनाऱ्यावर कुइवाला नावाचं गाव होतं. तिथल्या चर्चचं छत रंगवता रंगवता एरिक चितारी वारला आणि अर्धं राहिलेलं काम त्याच्या मुलीनं, ब्रितानं, हाती घेतलं. ही बातमी त्या मुलखाचे मालक बॅरन लिलियेन यांच्या कानावर गेली. एक बाई शिडीवर चढून संतांच्या दाढ्या रंगवते, हे त्यांना काही रुचेना. त्यांनी ब्रिताला बोलावून सुनावलं की, बाईनं पुरुषाकडे टक लावून पाहणं असभ्य, आणि पाहिल्याशिवाय चित्र निघत नाही. तेव्हा बाई चितारी होऊच शकत नाही.

ब्रितानं हळूच विचारलं, न पाहता काढलं तर?

"मग माझंच काढ," बॅरन म्हणाले. "माझ्याकडे एकदाही बघायचं नाही, पण चित्र बघणाऱ्यानं मला क्षणात ओळखलं पाहिजे. तीन आठवडे देतो. नाही जमलं, तर तुझे सगळे कुंचले माझ्या चुलीत."

ब्रिता रडवेली होऊन घरी आली. सातव्या वर्षापासून ती रंग घोटत आली होती. दुसरं काही तिला येत नव्हतं. दोन दिवस ती नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ती बाजारात असताना बॅरनची बग्गी आली. ब्रितानं चटकन बग्गीकडे पाठ केली, आणि समोर जे दिसलं ते पाहून तिला हसूच फुटलं.

त्या दिवसापासून बॅरन बाहेर पडले की ब्रिता कागद घेऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी. पोरीला निदान रीतभात तरी आहे, असं बॅरन कौतुकानं सांगू लागले.

मुदत संपली तेव्हा चित्र त्यांच्या दिवाणखान्यात आलं. पुरुषभर उंचीच्या त्या चित्रात नुसता बाजार होता. कोळीण आपल्या सर्वांत मोठ्या माशावर बसली होती. पाद्रीबाबा झाडावर चढले होते. पाववाला पिपात शिरून डोक्यावर झाकण ओढत होता. नगराध्यक्ष इतके खाली वाकले होते की त्यांचा केसांचा टोप डबक्यात पडला होता आणि त्यात बदक बसलं होतं. घोड्यानंसुद्धा डोळे मिटून घेतले होते.

"यात मी कुठे आहे?" बॅरननी विचारलं.

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या ब्रितानं विनंती केली की, साहेबांनी जरा चित्राच्या मागे उभं राहावं आणि कुणालाही आत बोलवावं. बॅरन पोट आवळून मागे उभे राहिले आणि त्यांनी घंटी वाजवली.

म्हातारा आचारी हेमिंग चीज चघळत आत आला. चित्र दिसताच त्यानं घास तसाच गिळला, गळ्याची बटणं लावली आणि कमरेत वाकून पुटपुटला, "मेलो! साहेब आले वाटतं!"

मग चित्र गदगदा हलू लागलं. बॅरन बाहेर आले ते डोळे पुसतच, हसून हसून लालबुंद झालेले. त्यांनी तिथल्या तिथे परवाना लिहून त्यावर मोहोर उठवली: ब्रिता एरिकची मुलगी, या मुलखाची चितारीण, हिनं हवं त्याच्याकडे हवं तेवढा वेळ पाहावं.

"आता वळ इकडे," ते म्हणाले, "आणि मी असा हसतोय, तस्सं माझं चित्र काढ."

ब्रिता वळली. तिनं त्यांना नीट न्याहाळलं.

"काढते, साहेब. पण खाली नाव लिहावं लागेल. हसताना तुम्हाला या गावात कुणी ओळखायचं नाही."

हे ऐकून बॅरन जे पुन्हा हसत सुटले, ते शेवटी त्यांना खुर्चीत बसवावं लागलं.